एम्प्रेस मिलच्या नावातले तीन शब्द

१ जानेवारी १८७७. दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटा यांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला 'एम्प्रेस मिल' हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी तेच राहिले. कागदोपत्री मात्र मालक कंपनीचे नाव वेगळे आणि चांगलेच लांब होते : 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड'. ही कंपनी १८७४ साली स्थापन झाली होती.

या नावात यंत्र नाही, कापूस नाही, कापडही नाही. आहेत त्या तीन क्रिया : सूत काढणे, विणणे, माल तयार करणे. तिन्ही शब्द क्रियापदांपासून निघाले, पण उभे आहेत नामांच्या रांगेत. मराठी मुलाला इंग्रजीच्या वर्गात ज्या प्रकरणापाशी हमखास अडखळायला होते, त्या 'जेरंड'चे हे नागपुरी उदाहरण.

विदर्भात या शब्दांची ओळख पुस्तकाआधी कापसाने करून दिली. वावरातली कामे मराठीत चालत : वखरणी, पेरणी, निंदणी, डवरणी, वेचणी. प्रत्येक शब्द धातूपासून झालेला, प्रत्येक नाम. कापसाची गाडी कारखान्याच्या फाटकातून आत गेली की भाषा पालटे. सरकी वेगळी करण्याचे काम 'जिनिंग', गाठी बांधण्याचे 'प्रेसिंग', पुढे गिरणीत 'कार्डिंग', 'स्पिनिंग', 'वाइंडिंग'. हातमागावरचा कोष्टी 'विणकाम' करी. त्याच शहरात यंत्रमागावरचे तेच काम 'वीव्हिंग' झाले.

१८६७ साली मुंबईहून लोहमार्ग नागपूरला पोहोचला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, हिंदुस्थानी कापसाला आलेली तेजी तोवर ओसरली होती, पण वऱ्हाड-नागपूरचा कापूस जगाच्या बाजारात कायमचा उतरला होता. यंत्रे इंग्लंडहून आली आणि यंत्रांबरोबर क्रियांची नावे आली. क्रिया जुनीच, तिचे नाव परके.

आता वर्गातली अडचण. 'ही इज स्पिनिंग', 'स्पिनिंग इज हार्ड वर्क', 'अ स्पिनिंग टॉप', 'अ स्पिनिंग व्हील'. चारही ठिकाणी शब्द एकच, अक्षरे एकच. मराठीत मात्र चार वेगळी रूपे येतात : 'तो सूत कातत आहे', 'सूत कातणे कष्टाचे आहे', 'फिरणारा भोवरा', आणि चौथ्याला सरळ 'चरखा'. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातला शब्द कृदंत विशेषणाच्या जातीचा, दुसऱ्यातला जेरंड. चौथ्यात गंमत आहे. चरख्याचे चाक फिरतेच. पण 'स्पिनिंग व्हील' म्हणजे 'फिरणारे चाक' नव्हे, 'कातण्यासाठीचे चाक'. भोवरा स्वतः फिरतो, चरखा दुसऱ्या कामासाठी असतो. म्हणून शेजारी शेजारी बसणाऱ्या या दोन शब्दप्रयोगांचे व्याकरण निराळे.

मराठीत चार रूपे आणि इंग्रजीत एकच, हे का झाले? उत्तर नियमात नाही, इतिहासात आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही सरमिसळ नव्हती. क्रियेचे नाव करायचे तर धातूला 'उंग' किंवा 'इंग' हा प्रत्यय लागे. 'लेओर्नुंग' म्हणजे शिकणे, अध्ययन. क्रिया करत असलेल्याचे विशेषण करायचे तर 'एंदे' लागे. 'सिंगेंदे' म्हणजे गाणारा, गात असलेला. इंग्रजीची सख्खी बहीण जर्मन अजून हा भेद पाळते. तिथे 'उंग'ची नामे वेगळी आणि 'एंड'ची विशेषणे वेगळी.

बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीत शब्दांचे शेवट झिजत गेले. विशेषणाचा प्रत्यय कुठे 'इंदे', कुठे 'एंदे', कुठे 'अंद' असा प्रांतोप्रांती बदलत होता. शेवटी त्याची जागाही 'इंग'नेच घेतली. दोन वेगळ्या घरांतली माणसे एकाच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्यानंतरचा बदल अधिक महत्त्वाचा आहे. 'इंग'चे जुने नाम हे निव्वळ नाम होते. त्याला कर्म जोडायचे तर मध्ये 'ऑफ' लागे : 'द रीडिंग ऑफ द बुक'. विशेषणाशी रूप एक झाल्यानंतर हे नाम हळूहळू क्रियापदासारखे वागू लागले. ते थेट कर्म घेऊ लागले : 'रीडिंग द बुक'. त्याच्याजवळ क्रियाविशेषणही येऊ लागले. बाहेरून नाम, आतून क्रियापद, असा हा नवा प्राणी. आजचा जेरंड तो हाच.

मराठीभाषकाला हा फरक समजायला फार दूर जावे लागत नाही. 'पुस्तकाचे वाचन' आणि 'पुस्तक वाचणे' ही दोन रूपे शेजारी ठेवावीत. 'वाचन' हे पुरते नाम झाले आहे. त्याला कर्म हवे तर षष्ठी लागते आणि जवळ विशेषण येते : 'पुस्तकाचे वेगवान वाचन'. 'वाचणे' अजून क्रियापद विसरलेले नाही. ते कर्म थेट घेते आणि क्रियाविशेषण मागते : 'पुस्तक वेगाने वाचणे'. 'पुस्तकाचे वाचणे' कानाला खटकते आणि 'पुस्तक वाचन' हा समास होतो. इंग्रजीत 'रीडिंग' हा एकच शब्द ही दोन्ही कामे करतो. तो 'वाचन' आहे की 'वाचणे', हे त्याच्या रूपावरून ओळखता येत नाही. शेजारचे शब्द पाहावे लागतात.

एम्प्रेस मिलच्या नावातले तीन शब्द या कसोटीवर घासले तर काय दिसते? तिथे कर्म नाही, क्रियाविशेषण नाही. ते 'वाचन'च्या बाजूचे आहेत, 'वाचणे'च्या नव्हे. काटेकोर व्याकरणकार त्यांना जेरंड न म्हणता क्रियावाचक नामे म्हणेल. शाळेतली पुस्तके इतका काटेकोरपणा ठेवतातच असे नाही आणि गोंधळाची निम्मी मुळे तिथे आहेत.

'जेरंड' या नावाचाच इतिहास पाहण्याजोगा आहे. शब्द लॅटिन. लॅटिन भाषेत धातूपासून झालेल्या एका नामाला हे नाव होते आणि त्या नामाची एक विशेष गोष्ट अशी की त्याला प्रथमा विभक्ती नव्हती. 'वाचणे चांगले' असे म्हणायचे तर लॅटिन माणूस दुसरे रूप वापरी; 'वाचण्याचा', 'वाचण्याने', 'वाचण्यासाठी' असे म्हणायचे असेल तेव्हाच जेरंड येई. गुन्हेगारीच्या बातम्यांत रोज दिसणारा 'मोडस ऑपरेंडी' हा शब्दप्रयोग घ्यावा. 'ऑपरेंडी' हे लॅटिन जेरंडचे षष्ठीचे रूप : काम करण्याची पद्धत.

इंग्रजीत ही अट कुठेच नाही. 'स्पिनिंग इज हार्ड वर्क' या वाक्यात जेरंड सरळ कर्ता होऊन बसतो. म्हणजे लॅटिनमध्ये ज्या जागी जेरंडला मज्जाव होता, नेमकी तीच जागा इंग्रजी शाळा जेरंडचे पहिले उदाहरण म्हणून दाखवते. नाव लॅटिनचे, वस्तू इंग्रजीची. अठराव्या शतकात इंग्रजीची व्याकरणे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लॅटिनचा आराखडा होता आणि इंग्रजीला त्यात बसवण्याचा खटाटोप चालला होता.

१७६२ साली रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने लिहिलेल्या व्याकरणात या रूपाबद्दल एक ठाम नियम आला. आधी 'द' असेल तर पुढे 'ऑफ' हवाच. 'द' नसेल तर 'ऑफ'ही नको. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे चालणार नाही. १७९५ मध्ये लिंडले मरे याने आपल्या व्याकरणात तोच धागा पुढे नेला आणि मरेचे पुस्तक इंग्रजी जिथे जिथे गेली तिथे तिथे गेले. नियम चुकीचा नव्हता. पण तो आज्ञेसारखा आला. त्यामागची दोन घरांची कथा सांगितली गेली नाही.

ही कथा दुसऱ्या एका परंपरेने फार आधी सांगितली होती आणि तिचा एक दुवा नागपुरातून जातो.

१७९९ ते १८०१ या काळात दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री थॉमस कोलब्रुक नागपुरात राहिला होता. त्याचे राजकीय काम फारसे फळाला आले नाही. तो परत गेला आणि १८०५ साली त्याचे संस्कृत व्याकरण प्रसिद्ध झाले. एकच खंड निघाला. पण युरोपीय भाषेत पाणिनीची पद्धत मांडण्याचा तो पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक होता. त्याच वर्षी विल्यम केरी याचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले. केरीच्या पाठीशी फोर्ट विल्यम महाविद्यालयातील मराठीचे पंडित वैजनाथ होते. एकाच वर्षी, बंगालच्या एकाच परिसरात, दोन व्याकरणे : एक पाणिनीच्या वाटेने जाणारे, दुसरे युरोपीय साच्याने मराठी मोजणारे.

पाणिनीकडे काय होते? धातूला प्रत्यय लागून झालेल्या नामा-विशेषणांना तो 'कृत्' प्रत्ययांखाली एकत्र घेतो. मग अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, विभक्तींच्या चर्चेत, असा नियम येतो की कृदंताचा कर्ता आणि कर्म षष्ठीत जातात. 'पुस्तकस्य पठनम्', म्हणजे पुस्तकाचे वाचन. त्यानंतर काही सूत्रांनी अपवाद येतो : 'पठन्' म्हणजे वाचत असलेला, 'पठितुम्' म्हणजे वाचण्यासाठी, 'पठित्वा' म्हणजे वाचून. या रूपांना षष्ठी नाही. त्यांचे कर्म क्रियापदाच्या कर्मासारखे द्वितीयेतच राहते.

'ऑफ' कुठे हवा आणि कुठे नको, या प्रश्नाची हीच तर उकल आहे. धातूपासून झालेला शब्द नामाच्या बाजूला किती सरकला आणि क्रियापद किती राहिला, हे त्याच्या कर्माची विभक्ती सांगते. लाउथच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी हे तत्त्व दोन सूत्रांत मांडले गेले होते. यात पूर्वजांच्या थोरवीचे ढोल वाजवण्याचे कारण नाही. संस्कृतात रूपे वेगवेगळी होती म्हणून भेद डोळ्यांना दिसत होता, इंग्रजीत रूपे एक झाली म्हणून तो लपला. पण एक खंत रास्त आहे. नागपूरच्या वर्गात इंग्रजीचा तास आणि संस्कृतचा तास एकाच दिवशी होत असूनही या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत.

उलट, भेटल्या त्या नव्या गोंधळासह. १८७९ साली अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिट्नी याचे संस्कृत व्याकरण निघाले. त्यात 'जेरंड' हे नाव आहे, पण ते दिले आहे 'पठित्वा', 'गत्वा' या रूपांना. मराठीच्या 'वाचून', 'जाऊन' या रूपांना. मॉनियर विल्यम्स त्याच रूपांना 'अव्यय कृदंत' या अर्थाचे दुसरेच नाव देत होता.

नागपुरात १८८३ साली हिस्लॉप महाविद्यालय आणि १८८५ साली मॉरिस महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही आधी कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेली होती, १९०४ नंतर अलाहाबादशी. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९२३ उजाडावे लागले. या पिढ्यांमधल्या ज्या विद्यार्थ्याच्या हाती व्हिट्नी पडे, त्याच्यासाठी इंग्रजीच्या तासाला जेरंड म्हणजे 'वाचणे' आणि संस्कृतच्या तासाला जेरंड म्हणजे 'वाचून'. लॅटिनचा तिसरा जेरंड त्याच्या वाट्याला बहुधा आला नाही, हे त्याचे नशीब.

परीक्षेतल्या गुणांपलीकडेही याला किंमत होती. प्रवेश परीक्षा इंग्रजीतून, नोकरीचा अर्ज इंग्रजीतून, आणि इंग्रजी कळते की नाही हे ठरवणारे व्याकरण पाठांतराचे. व्याख्या म्हणता आली की पुरे. मुलाच्या स्वतःच्या भाषेत 'वाचन', 'वाचणे', 'वाचत', 'वाचणारा', 'वाचून' अशी पाच रूपे हाताशी असताना त्यांचा उपयोग करून इंग्रजी समजावण्याची वाट मोठ्या प्रमाणात पडीक राहिली. पुढे नेसफील्ड आणि १९३०च्या दशकापासून रेन आणि मार्टिन यांची पुस्तके आली. यांतला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेला. त्याला जगभर नाव मिळवून दिले ते व्याकरणाने नव्हे, तर फ्रान्सच्या परदेशी पलटणीवर लिहिलेल्या 'बो जेस्ट' या १९२४ च्या कादंबरीने. भारतात मात्र तो व्याकरणवालाच राहिला.

मराठीच्या व्याकरणाची वाटचाल याच्या उलट दिशेने झाली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले. 'मराठीचे पाणिनी' हा किताब त्यांना मिळाला खरा, पण पुस्तकाची मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धाटणीची होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तील लेखांतून तिची परखड तपासणी केली. हे लेख १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. वादाचा गाभा असा : मराठीतल्या शब्दाला नाव देताना इंग्रजीत त्याच्याजागी काय येते हे पाहायचे, की मराठी वाक्यात तो काय करतो हे पाहायचे?

१९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले. दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू आणि तर्कशास्त्राचे अध्यापक. केशवसुतांच्या विद्यार्थिदशेतला काही काळ नागपुरात गेला होता आणि तिथेच त्यांना नारायण वामन टिळकांचा सहवास लाभला होता, हे जाता जाता. एका भावाने कवितेचा साचा मोडला. दुसऱ्याने आधीच्या प्रत्येक व्याकरणकाराचे मत समोर ठेवून, त्याची कारणे तपासून, सुमारे हजार पानांचा ग्रंथ रचला. तर्कशास्त्राच्या माणसाला व्याख्येपेक्षा व्याख्येमागचे कारण महत्त्वाचे वाटावे, हे ओघाने आलेच. १९७० साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी त्या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केली, तेव्हाही त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नव्हती.

दरम्यान इंग्लंडातही भांडण पेटले होते. 'आय ऑब्जेक्ट टू हिज कमिंग' बरोबर, की 'आय ऑब्जेक्ट टू हिम कमिंग'? एच. डब्ल्यू. फाउलर याने दुसऱ्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल', म्हणजे चिकटलेले कृदंत, असे कुत्सित नाव दिले. जेरंड हे नाम आहे, तर त्याच्या कर्त्याला षष्ठी हवी, हा त्याचा आग्रह. १९२६ मध्ये त्याचा प्रसिद्ध शब्दप्रयोगकोश निघाला आणि त्याच वर्षी डेन्मार्कचा व्याकरणकार ओटो येस्पर्सन त्याच्यावर तुटून पडला. शेकडो वर्षांतल्या लेखकांची उदाहरणे दाखवून त्याने म्हटले की ही रचना इंग्रजीत मुरलेली आहे आणि पुष्कळ ठिकाणी षष्ठी लावणेच अशक्य आहे. पुढच्या वर्षी फाउलरने उत्तर दिले. माघार कोणीच घेतली नाही.

मराठीच्या अंगणात उभे राहून हा वाद पाहिला तर दोघांचेही म्हणणे अर्धे पटते. 'त्याच्या येण्याला आक्षेप आहे' इथे षष्ठी सहज येते. पण वेधशाळा 'पाऊस पडण्याची शक्यता' वर्तवते, 'पावसाच्या पडण्याची' नव्हे. 'गाडी सुटण्याआधी', 'दिवस मावळण्यापूर्वी', 'वीज जाण्याची भीती' इथे कर्ता साधा प्रथमेत आहे आणि कोणाला चूक वाटत नाही. 'तो येण्याची वाट पाहिली' आणि 'त्याच्या येण्याची वाट पाहिली' दोन्ही चालतात. दुसऱ्यात येण्याला थोडे अधिक वजन आहे, इतकेच. क्रियापदाचे नाम झाले तरी त्याचा कर्ता नेहमी षष्ठीची वस्त्रे घालतोच असे नाही. या मुद्द्यावर येस्पर्सनला मराठीतून भक्कम साक्ष मिळाली असती.

गिरणीबरोबर आलेल्या शब्दांचे पुढे काय झाले, हेही पाहावे. मराठीने त्यांना आपल्या घरात घेतले, पण जेरंड म्हणून नव्हे, नाम म्हणून. 'मीटिंग भरली', 'ट्रेनिंग झाले', 'बुकिंग केले'. लिंग मराठीने दिले, क्रियापद मराठीने पुरवले. कोणी 'तिकीट बुकिंगणे' असे म्हणत नाही. इंग्रजी शब्दातले क्रियापण बाजूला काढून ते काम 'करणे', 'होणे' यांच्याकडे सोपवले गेले. काही शब्द त्याहून पुढे गेले. 'बिल्डिंग' ही बांधण्याची क्रिया उरली नाही, ती चार मजली वस्तू झाली. 'जिनिंग' हे विदर्भात कामाचे नाव आहे तसेच कारखान्याचेही. 'कापूस जिनिंगला नेला' यात जिनिंग ही जागा आहे. मराठीच्या स्वतःच्या शब्दांनाही ही वाट ठाऊक आहे. 'गाणे', 'खाणे', 'दुखणे' हे मुळात क्रिया. 'दुखणे बळावले' म्हणताना ती एक वस्तूच होते. 'तिचे गाणे ऐकले' यात ऐकले ते तिचे गीत की तिचे गायन, हे संदर्भ सांगेल तेव्हाच कळते. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. तिथल्या 'शॉपिंग' आणि 'पार्किंग'चीही हीच गत.

दुसरी वाट संस्कृतची. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात डॉ. रघुवीर यांचे पारिभाषिक शब्दांचे प्रचंड काम चालू होते, आणि नागपूर विद्यापीठ मराठी व हिंदी माध्यमाचा प्रयोग करत होते. इंग्रजी 'इंग'साठी या काळातल्या शब्दनिर्मितीने मुख्यतः 'अन' हा संस्कृत प्रत्यय निवडला : मुद्रण, टंकलेखन, संपादन. निवड सोयीची होती, कारण अशा शब्दाला पुढे आणखी प्रत्यय लावता येतात. पण त्याने मराठीचा तोल 'वाचणे'कडून 'वाचन'कडे झुकला. 'सूत कातणे' मागे पडले आणि कार्यालयीन कागदावर 'सूतकताई'च्याही पुढे जाऊन 'सूतनिर्मिती' आली. त्याच कागदावर 'करण्यात येत आहे' आणि 'कळविण्यात येते की' यांची भरती झाली. क्रियेचे नाम करायचे, त्याला सप्तमी लावायची आणि शेवटी 'येणे' जोडायचे. कर्ता कोण, हे सांगण्याची गरजच उरत नाही. कचेरीला हा प्रयोग इतका का आवडला, याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

आता त्या प्रथमा नसलेल्या लॅटिन जेरंडकडे. त्याला मराठीत सख्खा जोडीदार आहे, आणि तो 'वाचणे' नव्हे. तो आहे 'वाचावयास', 'वाचायला', 'वाचायचे' यांतला 'वाचावया'. आजच्या गद्यात हे रूप सहसा एकटे येत नाही. विभक्ती किंवा प्रत्यय लागून येते, लॅटिन जेरंडसारखे. साम्य इथेच थांबत नाही. लॅटिनमध्ये जेरंडचा एक भाऊबंद आहे, त्याचा अर्थ 'करायला हवे असे'. सभेचा 'अजेंडा' हा शब्द त्याच घरातला : करावयाच्या गोष्टी. मराठीत 'करावया'चा भाऊबंद म्हणजे 'करावे', संस्कृत 'कर्तव्य'मधल्या 'तव्य' या प्रत्ययाचा वंशज, आणि त्याचाही अर्थ 'करायला हवे' हाच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कर्तव्याचे रूप आणि हेतूचे रूप एकाच घरात ठेवले. युरोपातून आलेले नाव मराठीत लावायचेच होते, तर ते इथे शोभले असते.

नागपूरच्या बोलीत हे रूप आणखी आटोपशीर होते. १९०५ साली निघालेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी बोलींची स्वतंत्र नोंद आहे. या बोलींत 'ला'च्या जागी 'ले' येतो : 'मला'चे 'मले', 'करायला'चे 'कराले'. 'माय वावरात कापूस वेचाले गेली' या वाक्यात 'वेचाले' हे पूर्ण कृदंत आहे. विभक्ती लागली म्हणून ते नाम; 'कापूस' हे कर्म षष्ठीशिवाय थेट घेतले म्हणून ते क्रियापद. लाउथने, फाउलरने आणि येस्पर्सनने ज्या दुहेरी स्वभावावर पानेच्या पाने खर्ची घातली, तो त्या तीन अक्षरांत आहे, आणि तो कापूस पुढे जिनिंगला जायचा आहे.